एकशेतीन ताप

१

धरमपेठेतल्या शालिकराम निखारांच्या खोलीत कूलर दिवसभर घरघरत होता, आणि तरीही म्हातारा उन्हानं मेला. संध्याकाळचा चहा घेऊन सून वर गेली. तिनं दार ढकललं आणि चुलीचं तोंड उघडावं तशी झळ तिच्या अंगावर आली. म्हातारा पलंगावर उताणा पडला होता, ओठ फुटलेले, कातडी कोरडीठाक. कपबशी खाली पडली आणि तिची किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

फौजदार चंपतराव हेडाऊ पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भिंतींना हात लावायची सोय नव्हती. मे महिन्याचा पहिलाच आठवडा, सन अठ्ठ्याहत्तर. दुपारी रेडिओनं सेहेचाळीस अंश सांगितले होते. चंपतरावांचं उन्हाळ्याशी जुनं वैर. देह भारी, घाम त्याहून भारी. होळी झाली की मिरगापर्यंत त्यांच्या खिशात एक पांढरा कांदा असायचाच, लू लागू नये म्हणून. नवे शिपाई पाठीमागे हसत, आणि मे उजाडला की गुपचूप आपल्याही खिशात कांदा घालत.

चंपतराव मूळचे खाप्याचे आणि शालिकरामजीही खाप्याचेच. कोष्ट्याच्या घरात जन्मून शालिकरामजींनी माग सोडला, सूत रंगवायला घेतलं आणि पुढं सीताबर्डीला रंगांचं मोठं दुकान थाटलं. लाल पातळ दहा धुण्यांनंतरही लालच राहिलं, की खाप्याच्या बाया ओळखत, हे सूत शालिकरामच्या हंड्यातलं. चंपतरावांच्या आईनंही तसं एक पातळ मरेपर्यंत जपलं होतं. त्यामुळे त्या फुटलेल्या ओठांकडे बघताना फौजदारांना बरं वाटलं नाही.

कूलर खिडकीबाहेर गॅलरीत होता. चंपतरावांनी आधी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या चाचपल्या. हाताला वाळकं गवत लागलं आणि त्याचा चुरा पडला. मग त्यांनी टाकीचं झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरलेली. पाणी आहे आणि खस कोरडा, म्हणजे पाणी वर चढवणारा पंप बंद. जिन्याच्या वरच्या टोकाला दोन बटनं होती. पंख्याचं चालू, पंपाचं बंद.

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खस ओला असेल तर कूलर माणसाला जगवतो. खस कोरडा असेल तर तोच पंखा बाहेरची लू ओढतो आणि झोपलेल्या माणसावर सोडत राहतो. आणि आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो.

पलंगाजवळच्या टेबलावर पाण्याचा लोटा, झोपेच्या गोळ्यांची बाटली आणि ताप बघायची काचेची नळी होती. चंपतरावांनी ती उजेडात धरली. पारा पार टोकाला जाऊन टेकला होता. शेवटचा आकडा बेचाळीस. बिघडली असेल, असं म्हणून त्यांनी ती बाकीच्या वस्तूंबरोबर हवालदार नत्थूजींच्या हवाली केली.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शालिकरामजींचा पुतण्या गिरिधर दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभा राहिला. त्यानं काकाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या सुनेकडे बोट केलं.

"मी दुपारीच हिले सांगून गेलो होतो," तो म्हणाला. "माह्या काकाले हिनं मारलं."

२

घरात माणसं तीनच. शालिकरामजी, त्यांच्या मेलेल्या मुलाची बायको अनुसया आणि तिची शाळकरी मुलगी कुसुम. कुसुम सुट्टीत मामाकडे उमरेडला गेली होती. धोंडबा नावाचा गडी सकाळी येऊन कूलरची टाकी भरे आणि निघून जाई. गिरिधर वेगळा राहत होता, पण दुकान सगळं तोच ओढत होता.

त्या किल्ल्यांचीही एक रीत होती. रात्री त्या म्हाताऱ्याच्या उशाखाली असत. गिरिधरनं रोज सकाळी वर जाऊन त्या मागून न्यायच्या आणि संध्याकाळी आणून द्यायच्या. चाळिशी उलटलेला माणूस, डोक्यावर टक्कल पडायला आलेलं, पण दुकान उघडायचं तर रोज काकापुढे हात पसरायचा. सगळ्या धरमपेठेला हे ठाऊक होतं आणि काही लोक त्यावर हसतही असत.

चंपतरावांनी त्याला खालच्या बैठकीत बसवलं आणि सगळं सविस्तर विचारलं. सकाळी नेहमीसारखा किल्ल्या घेऊन गेलो, तो म्हणाला. दुपारी जेवणानंतर सहज काकांना बघायला आलो. नंतर संध्याकाळपर्यंत दुकानातून हललो नाही, लग्नसराईची गिऱ्हाइकं होती, कोणालाही विचारा. दुपारी काका कसे होते, असं चंपतरावांनी विचारलं. गिरिधरनं रुमालानं डोळे पुसले.

"खोली मस्त थंड होती, कूलर चालू होता. पण काकाजीचं अंग तापलं होतं. टेबलावरचं त्याहीचंच थर्मामीटर होतं, ते काखेत लावलं. एकशेतीन ताप. मी खाली येऊन वहिनीले बोललो, डॉक्टरले बोलाव. ही बोलली, पाहू."

त्याचं बोलणं कुठं अडलं नाही. नत्थूजींनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि गिरिधरनं सही केली.

शवाची तपासणी डॉक्टर मधुसूदन रिसबूडांनी केली. हुशार, मनमिळाऊ मुलगा, पुण्याहून नुकताच आलेला, नागपूरचा त्याचा हा पहिलाच उन्हाळा. त्यानं सांगितलं ते सरळ होतं. शव आणलं तेव्हा आतलं तापमान एकशेचार होतं. मेल्यावर शरीर तासातासाला निवत जातं. दुपारी एकशेतीन ताप होता म्हणता, तर मरताना आणखी एखादा अंश चढला असेल. म्हणजे शव निवायला लागलंच नव्हतं. मृत्यू दिवेलागणीच्या थोडा आधी.

हिशेब सुनेवर येऊन थांबला. गिरिधर गेला तेव्हा खोली थंड होती आणि म्हातारा जिवंत होता. त्यानंतर घरात एकटी अनुसया. पंपाचं बटन दुसऱ्या कोणी बंद करायचं?

वरिष्ठ साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि विचारलं, मग अडलंय कुठं? उद्या दुपारच्या आत बाईला अटक झाली पाहिजे. चंपतराव हो म्हणाले. फोन ठेवला, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि का झालं नाही तेही त्यांना सांगता येत नव्हतं.

३

अनुसया मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची बाई, कपाळ मोकळं, आवाज खाली. शेजारच्या यमुताईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं होतं, ते तसंच होतं.

चंपतरावांनी स्टूल ओढलं. सकाळपासून सांगा, ते म्हणाले. तिनं सांगितलं. धोंडबा टाकी भरून गेला, त्याच्या मागोमाग भाऊजी किल्ल्या घेऊन गेले. मग ती सासऱ्यांचं, मामाजींचं, ताट घेऊन वर गेली. तेव्हा खोलीत गारवा होता. मामाजी जेवले, गोळी घेतली, झोपले. त्यांना झोपेतून उठवायची घरात कोणाची छाती नव्हती. एकदा धोंडबानं उठवलं होतं तर त्यांनी लोटा फेकून मारला होता.

आणि दुपारी?

"भाऊजी आले, वर गेले. उतरले अन् बोलले, काकाजीले जरा ताप आहे, गोळी घेऊन झोपले, उठवू नको. डॉक्टरचं नावही नाही काढलं त्याहीनं."

"तुमचा शब्द अन् त्याचा शब्द," चंपतराव म्हणाले. "तुम्ही एकदा तरी वर जाऊन काहून नाही पाह्यलं?"

ती म्हणाली, कूलरचा आवाज येत होता, म्हणून निर्धास्त राहिले. शिवाय ताप असता तर मामाजींनी स्वतःच सांगितलं असतं. त्यांचं तापाचंही वेगळंच होतं. रंगाच्या परदेशी डब्यांवर हंडा किती तापवायचा ते सेल्सिअसमध्ये लिहिलेलं असे, जन्मभर तेच वाचलं, म्हणून ते स्वतःचा तापही तसाच सांगत. लग्न होऊन आली तेव्हा एकदा ते पलंगावरून म्हणाले, आज अडतीस आहे. ती घाबरून रडायलाच लागली. एवढा ताप उतरलेला माणूस जगतो कसा, असं तिला वाटलं. मामाजी त्यावर कितीतरी दिवस हसत होते.

सांगता सांगता तिलाही हसू आलं आणि लगेच रडू कोसळलं. चंपतराव खाली बघत बसले.

किल्ल्यांबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा तिनं डोळे पुसले. येत्या अक्षय्य तृतीयेपासून किल्ल्या सुनेकडे राहतील, असं मामाजींनी चार पाहुण्यांसमोर बोलून टाकलं होतं. गिरिधर तिथंच होता. तो पानात वाढलेलं तसंच टाकून उठला. तिनं किल्ल्या मागितल्या नव्हत्या आणि तिला नकोही होत्या, पण हे आता कोण खरं मानणार?

"मले न्यायचं तं न्या," ती शेवटी म्हणाली. "पण माही कुसुम भाऊजीच्या घरी जाऊ नका देऊ. तिले दुसरं कोणी नाही. तिच्या मामाचंच भागत नाही, तो तिले किती दिवस ठेवणार? कधी नेता मले?"

"उद्या दुपारी," चंपतराव म्हणाले. खोटं सांगायला त्यांना काही सुचलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात नत्थूजी खुर्चीत लोळागोळा होऊन बसले होते. डोळे लाल, डोक्याला ओला पंचा. आदल्या दिवशीच्या धावपळीत ऊन लागलं होतं. चंपतरावांनी त्यांना घरी जायला सांगितलं.

"जातो साहेब. एकशे एक ताप आहे. अन् आजही पंचेचाळीसच्या वर जाणार म्हणून राहिले, बर्डीच्या रस्त्यावर डांबर वितळून राहिलं."

चंपतराव कागद पुढे ओढत होते. त्यांचा हात थांबला.

"नत्थूजी, तुम्ही जास्त गरम का बाहेरची हवा?"

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं नत्थूजींनी साहेबांकडे पाहिलं. मी एकशे एक, हवा पंचेचाळीस, ते म्हणाले आणि मग स्वतःच गोंधळले. उन्हात उभं राहिलं की बाहेरची हवाच चटके देते, हे तर त्यांनाही कळत होतं.

गंमत अशी, की आख्खं नागपूर वीस वर्षं असंच बोलत आलं होतं. उन्हाचा आकडा सरकारनं फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर नेला, तो लोकांनी मुकाट्यानं घेतला. तापाचा आकडा डॉक्टरांनी बदलला नाही, म्हणून लोकांनीही बदलला नाही. ऊन पन्नासाच्या आत आणि ताप शंभराच्या वर. एकाच माणसाच्या तोंडात दोन मापं राहत होती आणि त्यांची कधी गाठ पडत नव्हती. चंपतरावांनीही काल एकशेचार ऐकलं, बेचाळीस पाहिलं आणि दोन्ही दोन कप्प्यांत ठेवून दिलं होतं.

त्यांनी मुद्देमालातली नळी मागवली. तिच्यावर आकडे होते पस्तीस ते बेचाळीस, दुसरे कुठलेच नाहीत. अडतीस आहे म्हणणारा म्हातारा त्यांना आठवला. नळी बिघडलेली नव्हती. ताप बघायच्या नळीतला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. त्या खोलीची हवा तापत गेली, पारा चढत चढत टोकाला गेला आणि तिथंच राहिला. म्हणजे खोली बेचाळीसच्या वर गेली होती.

शाळेत पाठ केलेलं सूत्र त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडलं. नवानं गुणा, पाचानं भागा, बत्तीस मिळवा. बेचाळीसचे झाले एकशेसातच्याही वर. आणि शव होतं एकशेचार.

मेलेला माणूस खोलीपेक्षा थंड होता. मग तो निवेल कसा?

त्यांनी डॉक्टर रिसबूडांना फोन लावला आणि एवढंच विचारलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "चूक माझी आहे. पुण्यात मी असं शव पाहिलेलंच नाही. हे शव निवत नव्हतं, तापत होतं. मग वेळ सांगताच येणार नाही, साहेब. दुपारी गेले असतील किंवा संध्याकाळी."

चंपतरावांचं डोकं आता पळायला लागलं होतं. टाकी. कूलर दिवसभरात अख्खी टाकी पितो. धोंडबानं सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी काठोकाठ होती. म्हणजे पंप दुपारनंतर नाही, सकाळीच बंद झाला होता. ओला खस थोडा वेळ टिकला, म्हणून ताट घेऊन गेलेल्या सुनेला गारवा लागला. दुपारपर्यंत त्या खोलीत लूशिवाय काही उरलं नव्हतं. आणि गिरिधर म्हणतो, खोली मस्त थंड होती.

"नत्थूजी, ताप असला तरी एवढं करा. गिरिधरले घेऊन या. घरी नको, तिथंच धरमपेठेत, म्हाताऱ्याच्या खोलीत."

५

खोलीत चंपतराव, डॉक्टर, नत्थूजी आणि गिरिधर असे चौघे उभे होते. खिडकी उघडी होती. चंपतरावांनी गिरिधरला कालचंच सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. शेवटी चंपतरावांनी नळी त्याच्या हातात दिली.

"हेच का गा ते थर्मामीटर?"

"हेच. काकाजीचं दुसरं नव्हतंच."

"मले दाखव तिच्यावर एकशेतीन कुठं आहे ते."

गिरिधरनं नळी फिरवली. उजेडाकडे धरली, परत फिरवली. चष्मा लावला. पस्तीस, छत्तीस करत त्याची नजर बेचाळीसवर गेली आणि तिथून पुढे काच संपली.

"मी अंदाजानं बोललो असन," तो म्हणाला.

चंपतरावांनी मान हलवली. ते आवाज न चढवता बोलत राहिले. तू ताप घेतलाच नाहीस. ताप म्हटला की शंभराच्या वर, ही आपल्या सगळ्यांची सवय, म्हणून तुझ्या तोंडून एकशेतीन निघालं. दुसऱ्या कोणाच्या घरी हे खपलं असतं. पण तू काम करत होतास अशा माणसाकडे, जो ताप सेल्सिअसमध्ये सांगायचा. इतकी वर्षं त्याच्या हाताखाली काढली आणि त्याचा ताप तू एकदाही पाहिला नाहीस. मग त्यांनी टाकीचं सांगितलं. खोली थंड नव्हती, सकाळपासूनच नव्हती. आणि सकाळी या जिन्यावरून किल्ल्या घेऊन कोण उतरलं होतं?

गिरिधर पलंगाच्या कडेला बसायला गेला आणि पलंग कोणाचा ते आठवून खाली जमिनीवर बसला.

"बटन बंद केलं," तो म्हणाला. "किल्ल्या घेऊन उतरत होतो. हात गेला अन् बंद केलं."

"काहून?"

"वीस वर्षं हात पसरला साहेब, रोज. अन् किल्ल्या देणार होता तिले. तिले तं लाल रंग कशात शिजते तेही माहीत नाही."

दुपारी काय केलंस, असं चंपतरावांनी विचारलं. गिरिधर जमिनीकडे बघत बोलत राहिला. दार थोडं उघडलं तर तोंडावर झळ आली. आत पाऊल टाकवलं नाही, पलंगाकडे बघवलंही नाही. दार लावून घेतलं आणि वरच्या पायरीवर बसून राहिला. बटन पुन्हा चालू करावं असं एकदा वाटलं. मग खाली उतरून वहिनीला उठवू नको म्हणाला आणि दुकानात गेला. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना रंग दाखवले.

डॉक्टर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. नत्थूजींनी गिरिधरला दंडाला धरून उठवलं. जिना उतरताना तो एकदाच थांबला आणि बटनांकडे पाहून पुढे गेला.

६

अनुसयाला सांगायला चंपतराव एकटेच मागच्या पडवीत गेले. अटक होणार नाही, तुमच्यावर काही नाही, कुसुमला आजच उमरेडहून आणवून घ्या, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग शव का निवलं नाही, टाकी का भरलेली होती, तेही समजावून सांगितलं. तिचा जीव वाचवणारं गणित होतं, ते त्यांना तिच्यापुढे मांडावंसं वाटलं. थोडा अभिमानही असेल. ते तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते आणि तो काही दिसेना.

तिनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "भाऊजी दुपारी वरून उतरले, तेव्हा मामाजी जिवंत होते का?"

हा प्रश्न येणार हे चंपतरावांना जिना उतरतानाच कळलं होतं आणि उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"नाही बाई. तेव्हाच गेले होते."

"कोणी पाह्यलं?"

गिरिधरनं पाहिलं नव्हतं. डॉक्टरला सांगता येत नव्हतं. जो विचार करून त्यांनी या बाईला सोडवलं होतं, त्याच विचारानं मरणाची वेळही पुसून टाकली होती. आता ती जगात कोणालाच माहीत नव्हती, आणि पुढेही कधी कळणार नव्हती.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "कोणालेच नाही."

तिनं मान हलवली. यमुताईंनी आजही ठेवलेलं पाणी तिनं बाजूला सरकवलं आणि जिन्याकडे बघत राहिली.

"मी दुपारभर इथंच जिन्याखाली बसली होती," ती म्हणाली. "गहू निवडत."